आधी पत्र, मग नक्षी

दोहा शहरात फिरताना 'फरीज' हा शब्द वारंवार कानावर येतो. फरीज म्हणजे आळी किंवा मोहल्ला. अलिबागेत जशी इस्राएल आळी, तशी कतारच्या या राजधानीत फरीज बिन ओमरान. जवळच हमदचे मोठे रुग्णालय असल्यामुळे या आळीत नर्सबाई, तंत्रज्ञ, वाहनचालक अशी परदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे भाड्याने राहतात. प्रत्येक इमारतीच्या दाराशी निळी पाटी असते. तिच्यावर विभागाचा आकडा ३७, मग रस्त्याचा आकडा, मग इमारतीचा आकडा. अशाच एका निळ्या पाटीच्या घरात ठाण्याहून आलेले एक मराठी कुटुंब राहते. आई रुग्णालयात नर्स आहे, बाबा एका कंपनीत हिशेब पाहतात, मुलगी २०२४ साली आठवीत होती आणि आजी मूळची अलिबागची.

त्या मुलीची जिवाभावाची मैत्रीण ठाण्याला. दोघी एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर वाढल्या. मैत्रिणीचे घर बेने इस्राएल. शुक्रवारी संध्याकाळी तिच्याकडे दिवे लागले की या मुलीला तिकडे हाक यायची आणि गणपतीत मोदकांचे ताट इकडून तिकडे जायचे. मुलगी दोह्याला आली तरी दोघींचे रोज फोनवर बोलणे चाले. वेळेचा फरक अडीच तासांचाच, त्यामुळे फारशी अडचण नव्हती.

पुढे मे महिन्यात एक गोष्ट घडली.

मैत्रीण इंग्रजी शाळेत शिकणारी. मराठी बोलायची झकास, पण लिहायची वेळ आली की हात थांबायचा. घरात पणजीच्या वेळची एक ट्रंक होती. पणजीची बहीण इस्राएलला गेली, तिने पाठवलेली निळी हवाई पत्रे त्या ट्रंकेत जपून ठेवलेली. सगळी मराठीत. आपल्या समाजातल्या थोरांना अशी पत्रे नवी नाहीत. एका निळ्या पातळ कागदावर चारी कडांपर्यंत दाटीने लिहायचे, तोच कागद घडी घालून चिकटवायचा, पाकीट वेगळे लागत नसे. ती पत्रे आपली आपल्याला वाचता यावीत म्हणून मैत्रीण समाजाच्या मराठी वर्गाला जाऊ लागली. दोन महिन्यांनी तिने आयुष्यातले पहिले मराठी पत्र लिहिले, या मुलीलाच. एक पान, तेही वहीचे. त्याचा फोटो काढून तिने दोह्याला पाठवला.

मुलीने पत्र वाचले आणि तिला हसू आले. 'दुपार' चा पहिला उकार दीर्घ, 'आठवण' मध्ये 'ण' च्या जागी 'न', 'मैत्रीण' तर तीन ठिकाणी तीन तऱ्हेने. तिने फोनवरच त्या फोटोवर लाल गोल काढले. ११ गोल झाले. आणि गंमत म्हणून तो फोटो तिने दोघींच्या जुन्या मित्रमैत्रिणींच्या गटात टाकला. खाली हसण्याची चित्रे पडली. कोणी लिहिले, 'बाई, पहिलीत बसा पुन्हा.' मुलीनेही त्यावर एक हसरा चेहरा लावला.

मैत्रिणीने गटात काहीच लिहिले नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचे निरोप लहान झाले. 'हो.' 'नाही.' 'बिझी.' तेही इंग्रजी अक्षरांत. मराठीत तिने एक ओळसुद्धा पुन्हा लिहिली नाही. जुलैत मुलगी सुट्टीला ठाण्याला गेली, शेजारची बेल वाजवली. मैत्रिणीच्या आईने बसवले, लिंबाचे सरबत दिले, शाळेची चौकशी केली. मैत्रीण मात्र 'क्लासला गेली' होती. चार वेळा बेल वाजवली, चारही वेळा ती क्लासलाच गेली होती. निघताना मैत्रिणीची आई एवढेच म्हणाली, "मराठीचा वर्ग सोडलाय तिने. का ते सांगत नाही."

हे ऐकून मुलगी दोह्याला परतली ती गप्पच. फोनवर तिने 'सॉरी' लिहून पाहिले. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आले नाही. दुसऱ्यांदा लिहिले, सोबत रडणारा चेहरा लावला. तेच झाले. आजीच्या हे लक्षात आले. एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आजीने विचारून घेतले आणि सगळे ऐकून म्हणाली, "दुखवलंस ते कागदावरून. मग क्षमाही कागदावरच माग. आणि वेळही बरी आहे. त्यांचा नव्याचा सण येतोय, मग दहाव्या दिवशी दारफाळणी. आमच्या आळीशेजारी राहायचे ते लोक, मला माहीत आहे. दारफाळणीच्या आधी ज्याचं त्याच्याकडे जाऊन चुकलंमाकलं मिटवायची चाल आहे त्यांची."

आजीचे बरोबर होते. रोश हशाना आणि योम किप्पूर ही नावे आता सर्वांच्या तोंडी आहेत, पण नव्याचा सण आणि दारफाळणीचा सण ही आपल्या वडीलधाऱ्यांची कोकणातली नावे. दारफाळणीचा उपास माणसाचा देवाशी हिशेब मिटवतो. माणसाने माणसाचे केलेले मात्र त्या माणसाचे समाधान केल्याशिवाय मिटत नाही, हा मिश्नातला नियम आहे. एखाद्याला लाजवले असेल तर देवापुढे छाती बडवून भागत नाही, त्याच्याच दारी जावे लागते. नव्या वर्षाला पत्रातून शुभेच्छा देण्याची चालही जुनी आहे. युरोपात जर्मन ज्यूंमध्ये ती सुमारे ६०० वर्षांपूर्वीपासून सापडते. एलुल महिना लागला की कोणालाही लिहिलेल्या पत्रात येत्या वर्षाचा आशीर्वाद घालत. छापील शुभेच्छापत्रे पुष्कळ नंतरची.

त्या वर्षी आणखी एक योग होता. २०२४ साली नव्याचा सण आणि घटस्थापना एकाच दिवशी, ३ ऑक्टोबरला आली. त्यामुळे दारफाळणी आणि दसराही एकाच दिवशी आले, १२ ऑक्टोबरला, शनिवारी. यात चमत्कार काही नाही. दोन्ही पंचांगे चंद्राच्या महिन्यांवर चालतात आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून मधूनमधून अधिक महिना घेतात. ज्यू पंचांगात १९ वर्षांत ७ वेळा असा महिना येतो. तिश्री आणि आश्विन जेव्हा जोडीने लागतात तेव्हा तिश्रीची दशमी आणि आश्विनाची दशमी शेजारी शेजारी येतात. काही वर्षी तिश्रीची जोडी भाद्रपदाशी लागते आणि मग नव्याचा सण गणपतीच्या आसपास येतो. मुलीने कॅलेंडरवर १२ तारखेला दोन टिंबे काढली, एक तिच्या घरचे आणि एक मैत्रिणीच्या घरचे.

मग ती कामाला लागली. पत्र नुसते नको, देखणे व्हावे असे तिच्या मनात होते. जवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून तिने रंगीत कार्डशीट, वॉशी टेप, चमकी, चिकटणारे मोती, फुलपाखरांचे स्टिकर आणले. आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणे घेतली. जुन्या पैंजणातले दोन घुंगरू घेतले. तीन संध्याकाळी ती जेवायलाही उठायला तयार नव्हती. पाकीट तयार झाले ते उशीसारखे फुगलेले. बाहेरच्या बाजूला एवढी नक्षी की नाव आणि पत्ता मावायला जागा राहिली नव्हती, तो फुलपाखराच्या दोन पंखांमध्ये तिरपा लिहिला होता.

बाबा तिला टपाल कचेरीत घेऊन गेले. खिडकीपलीकडच्या माणसाने पाकीट हातात घेतले, हलवून पाहिले. आत छुमछुम वाजले. त्याने हसून ते परत केले आणि समजावून सांगितले. पत्र म्हणून जायचे तर पाकीट सपाट हवे. आत वस्तू आहेत म्हणजे हे पत्र नव्हे, छोटे पार्सल झाले. त्याला कस्टम्सचा कागद भरावा लागेल, आत काय आहे ते लिहावे लागेल, पैसेही जास्त पडतील. आणि यंत्रातून जाताना ही बटणे पाकीट फाडतील ते वेगळेच.

त्याचे म्हणणे नियमाला धरून होते. देशोदेशींची टपाल खाती १८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात एकत्र आली, तिथून आजचा जागतिक टपाल संघ निघाला. त्या संघाच्या मापांप्रमाणे लहान पत्राची जाडी ५ मिलिमीटरपर्यंत चालते. त्याहून जाड झाले की ते पुढच्या, महागड्या गटात जाते. आत कागदच असतील तर कस्टम्सचा प्रश्न येत नाही, वस्तू घातली की येतो. मणी, बटण, नाणे, घुंगरू ही सगळी वस्तूच.

मुलगी हिरमुसून घरी आली आणि पाकीट तिने टेबलावर टाकले. आजीने चष्मा लावला, पाकीट उघडले, एकेक वस्तू बाजूला काढून ठेवत गेली. मोती, बटणे, फुलपाखरे, घुंगरू, चमकी. सगळ्यात खाली एक गुलाबी चिठ्ठी निघाली. तीवर पाच ओळी होत्या. 'कशी आहेस? मी बरी आहे. नव्या वर्षाच्या शुभेच्छा. तुझी खूप आठवण येते. सॉरी.'

आजीने चिठ्ठी उलटून पाहिली. मागे काही नव्हते.

"अगं, यात पत्र कुठे आहे?" आजी म्हणाली.

मुलगी काही बोलली नाही. तीन संध्याकाळी तिने एवढे कापले, एवढे चिकटवले, ते कशासाठी हे तिचे तिलाच कळले होते. कापणे सोपे होते, लिहिणे अवघड. जोवर हात कामात होते तोवर ती एक ओळ लिहावी लागत नव्हती.

त्या रात्री तिने रंगाचा डबा बंद ठेवला आणि साधा पांढरा कागद घेतला. पहिल्या दिवशी दोन ओळी झाल्या आणि खोडल्या. 'मी गंमत केली, पण तुला वाईट वाटलं असेल तर' असे लिहिले होते. आजी म्हणाली, "'असेल तर' काढ. वाटलं आहे, तुला ठाऊक आहे." दुसऱ्या दिवशी तिने लिहिले की बाकीचे हसले म्हणून मीही हसले. तेही तिने स्वतःच खोडले, कारण पहिला लाल गोल तिचा होता. तिसऱ्या दिवशी पत्र सुरू झाले ते असे: तू मला तुझं पहिलं मराठी पत्र पाठवलंस आणि मी ते तुला न विचारता सगळ्यांना दाखवलं. पुढे दोन पाने भरली. त्यात मैत्रिणीच्या पत्रात काय होते ते तिने आठवून लिहिले, कारण चुका मोजण्याच्या नादात मजकूर तिने नीट वाचलाच नव्हता. मैत्रिणीने लिहिले होते की पणजीच्या बहिणीच्या एका पत्रात ठाण्याच्या पावसाची आठवण आहे, तिकडे वाळवंटाजवळ नवीन घर मिळाले पण पत्र्यावर वाजणारा पाऊस नाही. आणि तिने विचारले होते, तुमच्या दोह्यातही तसंच असतं का गं? या प्रश्नाचे उत्तर चार महिने राहिले होते. ते आता मुलीने लिहिले. इथे पाऊस वर्षातून मोजके दिवस, सप्टेंबरात खिडकी उघडली की ओली गरम हवा चश्म्यावर बसते, आणि एसीचे पाणी खाली पत्र्यावर टपटपते ते रात्री पावसासारखे वाजते.

आणि लिहिता लिहिता तिला आणखी एक गोष्ट कळली. तिचेही मराठी लिहिणे सुटले होते. दोह्याच्या शाळेत तिला हिंदी आणि अरबी होते, मराठी नव्हते. 'दिवस' की 'दीवस', 'माहीत' की 'माहित', हात अडू लागला. तिने पत्र आजीपुढे धरले, "आजी, चुका काढून दे ना."

आजीने पत्र वाचले. डोळे पुसले, पण पेन हातात घेतले नाही. "मी सुधारलं तर ते माझं पत्र होईल. तुझं आहे तसं जाऊ दे. तिच्या ११ चुका गावाला दाखवल्यास ना? मग तुझ्या तिला तरी दिसू देत."

मुलीने पत्राच्या शेवटी लिहिले: 'आजीने माझ्या चूका काढायला नकार दिला आहे. तू लाल पेन घे.'

आता नक्षीची पाळी आली. पण या वेळी मोजून, आणि फक्त कागदाची. पाकीट तिने भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरच्या संपलेल्या ऑगस्टच्या पानाचे केले. जुने पाकीट उकलून त्याचा माप म्हणून उपयोग केला, चारी कड्या आत दुमडल्या. चिकटवायला आजीने गव्हाच्या पिठाची खळ शिजवून दिली. खळ पातळ लावली तर कागद सपाट वाळतो, जाड लावली तर सुरकुततो. एसी चालू खोलीत ती फार भराभर वाळते, म्हणून दोघींनी काम बाल्कनीच्या दाराशी बसून केले. तारखांच्या चौकटींवर पत्ता वाचता येणार नाही म्हणून पुढे पांढऱ्या कागदाची पट्टी लावली आणि पत्ता इंग्रजीत मोठ्या अक्षरांत, सरळ ओळीत लिहिला. खाली सहा चौकटी, त्यांत ४००६०१. पिन कोडची ही सहा आकड्यांची पद्धत भारतात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने, जे संस्कृतचे कवीही होते. गावांच्या नावांचा आणि वेगवेगळ्या लिप्यांचा गोंधळ त्या सहा आकड्यांनी सोडवला. पत्ता मराठीत असो, मल्याळममध्ये असो की अरबीत, आकडे बरोबर असले की पत्र बरोबर ठिकाणी उतरते.

आत एक घडीचे कार्ड. त्याच्या घडीवर दोन समान चिरा दिल्या आणि मधली पट्टी आतल्या बाजूला ढकलली की कार्ड उघडताना एक पायरी उभी राहते. चिरेची लांबी कार्डाच्या अर्ध्याहून कमी ठेवली तर बंद केल्यावर काही बाहेर डोकावत नाही. त्या पायरीवर मुलीने ठाण्याची त्यांची इमारत चिकटवली. तिसऱ्या मजल्यावर शेजारी शेजारी दोन खिडक्या, एकीत शुक्रवारचे दिवे, दुसरीत आकाशकंदील. कार्ड मिटले की सगळी इमारत निजते, उघडले की उठते. जाडी म्हणाल तर तीन कागदांची.

दुसरी वस्तू आजीच्या हातची शिकवण. अलिबागेला आजीचे वडील गणपतीच्या मखरासाठी पांढऱ्या कागदाची जाळी कापायचे. चौकोनी कागद दोनदा दुमडायचा, घडीच्या बाजूने अर्धे पान, अर्धे फूल कापायचे, उलगडले की पूर्ण जाळी. घडीची कड सगळी कापून टाकायची नाही, नाहीतर उलगडताना तुकडे हातात येतात. मुलीने अर्धे डाळिंब कापले, त्याचा मुकुट आणि दाण्यांची भोके. उलगडले तेव्हा दोन पूर्ण डाळिंबे देठाशी देठ लावून समोरासमोर उभी. नव्याच्या सणाला ज्यू घरांत डाळिंब ठेवतात, दाण्यांसारखी पुण्ये वाढोत म्हणून, हे तिला मैत्रिणीच्याच घरी कळले होते.

कात्रीने कागद कापून मनातले सांगायचे ही रीत ज्यूंमध्येही फार जुनी आहे. स्पेनमधल्या शेम तोव या रब्बींनी १३४५ साली लेखणी आणि कात्री यांच्या वादाची एक हिब्रू कथा लिहिली. थंडीने दौतीतली शाई गोठली तेव्हा कात्रीने कागदातून अक्षरे कापून मजकूर पुरा केला, अशी ती गोष्ट. पुढे पूर्व युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत कापीव कागदाचे मिझ्राह घरोघरी पूर्वेच्या भिंतीवर लागले. अलिबागचे मखर आणि तिकडचे मिझ्राह यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण दुमडलेला कागद उलगडताना जो आनंद होतो तो दोन्हीकडे तोच.

तिसरी वस्तू आपट्याची पाने. खरे पान परदेशी टपालात घालू नये. पाने, बिया, सुकी फुले यांतून कीड जाते म्हणून देशोदेशी त्यांना अटकाव असतो. मुलीने बिस्किटाच्या सोनेरी वेष्टनाची चार पाने कापली. आपट्याचे पान म्हणजे जोडपान. कागद मधोमध दुमडून अर्धा बदाम कापला की ते तयार. पानांवर काही लिहिले नाही. दसऱ्याला सोने कशासाठी देतात ते मैत्रिणीला ठाऊक होते.

एवढेच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाकीट २० ग्रॅमच्या आत भरले. सप्टेंबरच्या मध्यात बाबा पुन्हा टपाल कचेरीत गेले. खिडकीवर तोच माणूस होता. त्याने पाकीट हलवून पाहिले, काही वाजले नाही. मुलीने यंत्राचा छापील शिक्का नको, तिकिटेच हवीत म्हणून विनंती केली. त्याने शोधून दोन रंगीत तिकिटे दिली.

कतारच्या तिकिटांची एक गोष्ट ठाणेकरांनीही ऐकण्यासारखी आहे. १९५७ साली इथे प्रथम 'कतार' हे नाव असलेली तिकिटे आली. ती ब्रिटिश राणीच्या चित्राची होती आणि त्यांवर किंमत होती नये पैशांत आणि रुपयांत. कारण आखातात तेव्हा रुपयाच चाले, आणि तो १९६६ पर्यंत चालला. म्हणजे आजीच्या लहानपणी दोह्याहून अलिबागेला पत्र धाडायचे झाले असते तर त्याचे पैसे रुपयांतच मोजले गेले असते.

पत्र गेले आणि वाट पाहणे सुरू झाले. फोनवरच्या निरोपाला निळ्या खुणा येतात, पत्राला काही येत नाही. ते विमानात आहे की पोत्यात, मुंबईत आहे की पोस्टमनच्या पिशवीत, कोणी सांगत नाही. ३ ऑक्टोबर आला, नव्याचा सण आणि घटस्थापना झाली. मुलीने शुभेच्छेचा साधा निरोप पाठवला, 'शाना तोवा' एवढाच. उत्तर आले, 'थँक्स. तुम्हालापण.' पत्राचे नाव नव्हते. पोहोचले नाही की पोहोचून तसेच पडले, हे विचारायचे तिच्या मनात शंभरदा आले. आजीने विचारू दिले नाही. "दारात गेलो, हाक मारली. आता दार उघडायचं की नाही ते तिचं."

११ ऑक्टोबर, शुक्रवार. ठाण्यात संध्याकाळी उपास बसायचा होता. दुपारी, म्हणजे दोह्यात अजून सकाळ होती, मुलीच्या फोनवर आवाजाचा निरोप आला. मागे भांड्यांचे आवाज, कोणीतरी पांढऱ्या कपड्यांची इस्त्री झाली का म्हणून ओरडत होते. मैत्रीण मराठीत बोलत होती, घाईघाईने: "पत्र मंगळवारी आलं. तीनदा वाचलं. आईलाही दाखवलं, तुझ्या परवानगीशिवाय, म्हणजे फिटंफाट. आता जास्त बोलत नाही, जेवून सिनेगॉगमध्ये जायचंय. बाकीचं लिहून कळवते. कागदावर." थोडा वेळ नुसती भांडी वाजली. मग ती म्हणाली, "आणि ऐक, चूका नाही, चुका. पहिला ह्रस्व."

मुलगी मोठ्याने हसली आणि मग रडली. आजी देवापुढे बसली होती, तिथूनच तिने विचारले, "उघडलं का दार?"

नोव्हेंबरात बाबांच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये एक पाकीट आले. कतारमध्ये वर्षानुवर्षे टपाल घरी न येता अशा पेट्यांतच येत आले आहे, म्हणून मुलीने पत्रात तोच क्रमांक दिला होता. पाकीट वहीच्या पानाचे होते, कोपऱ्यांवर थोडे वेडेवाकडे. आत चार पाने, सगळी मराठीत. शेवटच्या पानावर मैत्रिणीने मुलीच्या पत्रातले चुकलेले शब्द एकाखाली एक उतरवले होते आणि प्रत्येकाभोवती लाल गोल काढला होता. पण प्रत्येक गोलाला वर तीन टोकांचा लहानसा मुकुट काढलेला. तो गोल राहिलाच नव्हता, त्याचे डाळिंब झाले होते. खाली लिहिले होते: 'एकूण ९ डाळींबे. माझी ११ होती. मीच पुढे आहे.'

'डाळिंबे' तिने चुकीचेच लिहिले होते. मुलीने ते वाचले आणि कोणालाही दाखवले नाही, आजी सोडून.

मैत्रीण मराठीच्या वर्गाला पुन्हा जाऊ लागली आहे. ट्रंकेतली निळी पत्रे ती आता वर्गात मोठ्याने वाचते, अडते तिथे थोरांना विचारते. दोघींचे फोनवरचे बोलणे पूर्वीसारखे चालते. पण काही गोष्टी त्यांनी पत्रासाठी राखून ठेवल्या आहेत, आणि फोनवर विषय निघालाच तर एक जण म्हणते, "हे नको, हे लिहू."

वर्गातल्या मुलांनी येत्या एलुलात असे एक पत्र करून पाहावे. आधी साध्या कागदावर मजकूर लिहावा. तो पुरा झाल्याशिवाय कात्री हातात घेऊ नये. नक्षी कागदाचीच असावी, दोन-तीन तुकड्यांहून जास्त नको, चमकी आणि मणी नकोत. पाकीट दोन बोटांत धरून वाकवले तर वाकले पाहिजे. पत्ता पांढऱ्यावर, पिनचे सहा आकडे ठळक. नव्याचा सण गाठायचा तर परदेशी पत्र तीन आठवडे आधी टाकावे. आणि ज्याला लिहायला हात धजत नाही त्याच्यापासून सुरुवात करावी. थोरांनी शेजारी बसून खळ शिजवून द्यावी, घडी कशी घालायची ते दाखवावे. शुद्धलेखन मात्र विचारल्याशिवाय तपासू नये.